मोटारीच्या बंद काचेआडचा मार्चेल्लो
महोदय,
बर्नार्दो बर्तोलुच्ची यांच्या ‘द कन्फर्मिस्ट’ (१९७०) या चित्रपटाची चर्चा बहुधा व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या अप्रतिम छायाचित्रणापाशीच थांबते, याची खंत वाटते. चारचौघांसारखे दिसण्याच्या हव्यासापोटी मुसोलिनीच्या राजवटीचा हस्तक झालेला मार्चेल्लो, पॅरिसमध्ये आश्रय घेतलेल्या आपल्याच प्राध्यापकांचा बर्फाळ जंगलात खून होत असताना आणि त्यांची पत्नी मोटारीची काच बडवत जिवाची याचना करत असताना, आत निश्चल बसून राहतो. हे निव्वळ कल्पित नाही. मूळ कादंबरीकार आल्बेर्तो मोराविया यांचे आतेभाऊ, फॅसिस्टविरोधी कार्लो आणि नेल्लो रोस्सेल्ली, १९३७ मध्ये फ्रान्समध्ये असेच मारले गेले होते. फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट दाखवताना ही पार्श्वभूमी प्रेक्षकांना आवर्जून सांगावी, ही विनंती.
– एक वाचक, पुणे