थर्माकोलची मखरे आणि बंद खोली

संपादक महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की दांडिया बाजार, रावपुरा भागात थर्माकोलची मखरे कापण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालते, आणि तेही बहुधा दारे-खिडक्या लावून, कारण थर्माकोल कापायची विजेवर तापवलेली तार वाऱ्याने थंड पडते. नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) या तापलेल्या तारेने थर्माकोल वितळताना निघणाऱ्या धुरात स्टायरीन हे रसायन असते. त्याने डोळे चुरचुरतात, डोके जड होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली त्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ पदार्थांत केली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल (आमच्याकडे हाच सर्वमान्य उपाय!) ही वाफ अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. तार लाल होऊ न देणे, धूर दिसताच विजेचा दाब कमी करणे आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावून कापणाऱ्याने त्याच्याकडे पाठ न करता, धूर आपल्यापासून दूर जाईल असे बसणे, एवढे तर कोणालाही जमेल. गादीचा फोम मात्र तारेने मुळीच कापू नये. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन; ते जळू लागल्यास हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघू शकतो, आणि त्या कामाला धारदार सुरी पुरते. मंडळांनी या कामाला निदान शाळकरी मुलांना बसवू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वडोदरा