दांडिया बाजारातल्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून इथे चारचौघांत लिहितेय. बडोद्यात घरोघरी जुन्या गाड्या जिन्याखाली पडून आहेत, त्यांच्यापैकी कुणाच्या उपयोगी पडलं तर तेही बरंच.

तुम्ही दुरुस्त केलीत ती गाडी म्हणजे बाबांची हीरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात ज्यांच्या अजून कानात आहे, त्यांतले आमचे बाबा. त्यातली तिसरी सूचना त्यांनी जरा जास्तच मनावर घेतली. निवृत्तीनंतर गाडी कारेलीबागेतल्या पार्किंगमध्ये अर्ध्या भरल्या टाकीनिशी उभी राहिली ती राहिलीच, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तिच्या टाकीपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर वरवर धुतली, एवढंच. भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबांचं एकच, "ती विकायची नाही."

गाडीतून पेट्रोल गळत होतं, आणि तुमच्याकडे आणण्याआधी दोन गॅरेजं झाली होती. एकाने पेट्रोलची नळी बदलली, दुसऱ्याने टाकीखालचा पेट्रोलचा अख्खा कॉक. गळती जशीच्या तशी. "आता कार्बोरेटरच नवा टाका, ताई," असं ऐकून मी तुमच्या दारात आले. तुम्ही काहीच नवं आणायला सांगितलं नाहीत. मागितलात तो खडू.

गाडी डबल स्टँडला लावून टाकीचा तळ, कॉक, नळीची दोन्ही टोकं, कार्बोरेटर सगळं फडक्याने कोरडं पुसायला लावलंत. खडूची पूड ब्रशने त्यावर भुरभुरवलीत, कॉक उघडला आणि स्टूल ओढून बसलात. मी खाली थेंब पडत होता तिकडे बघत होते. "तिथं नको बघूस," तुम्ही म्हणालात, "पेट्रोल उतार धरून येतं नि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतं. गळतं ते वर कुठेतरी." आणि खरंच, पांढऱ्या पुडीवर पहिला ओला ठिपका उमटला तो कॉकच्या दांडीमागे. नव्याकोऱ्या कॉकच्या आतली भोकांची रबरी चकती बसवतानाच मुडपली होती. चकतीची किंमत बाबांना अजून सांगितलेली नाही.

दुसरा डाग कार्बोरेटरच्या वाटीच्या जोडावर होता. वाटी उघडली तर तळाला पुराचा गाळ आणि त्यावर चिकट तपकिरी थर. जुनं पेट्रोल उडून जातं आणि त्याची अशी राळ मागे उरते, हे मला माहीत नव्हतं. वाटीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी जी सुई, तिच्या टोकावर झिजलेली बारीक गोल रेघ तुम्ही भिंगातून दाखवलीत. मग कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून फुंकायला सांगितलंत. फ्लोटच्या वजनाने सुई बसली असेल तर हवा अजिबात जायला नको. माझी फुंकर आरामात आरपार गेली.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. नवी सुई बसली, गळती थांबली, आता किक मारायची असं मी धरून चालले होते. तुम्ही किकला हात लावू दिला नाहीत. आधी ऑइलची दांडी काढून माझ्या नाकापुढे धरलीत. ऑइलला पेट्रोलचा भपकारा येत होता, पातळी खुणेच्या वर गेली होती. सुई गळत असली तर जास्तीचं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडायला हवं, पण ती नळी गाळाने बुजलेली. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा आणि कार्बोरेटर त्याच्या वर, त्यामुळे पेट्रोलला सरळ आत उतरायची वाट मिळाली. तसल्या पातळ ऑइलवर इंजिन फिरवलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. नुसती बादली पुढे सरकवलीत.

टाकीची गोष्ट थोडक्यात सांगते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसून आतून गंज चढला होता. नट-बोल्ट टाकून खळखळवलं तेव्हा लाल पाणी निघालं आणि खालच्या शिवणीला टाचणीएवढं भोक सापडलं. कुणीतरी त्याच्यावर लांबी (पुट्टी) थापून वर रंग दिला होता! ते भोक झाळून बुजवायला टाकी नेताना तुम्ही स्वतः आलात, कारण रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि भरल्या टाकीपेक्षा तीच जास्त भडकते. पाणी भरून, भोकापुरती कोरडी जागा ठेवूनच ज्योत लावू दिलीत. ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून गळती गाडी बंद पार्किंगमध्ये ठेवू नकोस असंही बजावलंत. आमच्या मजल्याखालीच ती इतके महिने होती.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून सगळी रबरं बदलायला लावलीत आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची सवय लावलीत. बाबांनाही लावलीत, हे विशेष.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, हे शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिथल्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाकडून चार गोष्टी शिकायला मिळतील असं काही तेव्हा वाटलं नव्हतं. पैशांचं नाव काढू दिलं नाहीत, शेव-उसळीवर भागवलंत. तीही कमी तिखट पाहिजे म्हणालात, ते मात्र आमच्या घरात कुणाला पटलेलं नाही.

आपली,
कारेलीबागेतली सीडी हंड्रेडवाली

ता. क. रविवारी घरी आहात ना? हेडलाइट फारच मिणमिणतो. बाबा म्हणतात, पहिल्यापासून तसाच होता. एकदा बघून तुम्हीच काय ते सांगा.