एसी: साधी सर्व्हिस की डीप क्लीनिंग?

सर्व सभासदांसाठी: एसीवाला म्हणाला म्हणून सरसकट डीप क्लीनिंगला हो म्हणू नका. मेन स्विच बंद करून हवा बाहेर येते त्या झडपेतून आत टॉर्च मारा. ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांवर नुसती धूळ असेल तर साधी सर्व्हिस पुरते: जाळ्या, कॉइल, ड्रेन पाइप, बाहेरचं युनिट. पात्यांवर काळी बुरशी असेल, सुरू करताच कुबट वास येत असेल, तर मात्र ब्लोअर आणि त्याखालचा पाण्याचा ट्रे काढूनच (म्हणजेच डीप क्लीनिंग) धुवून घ्या. वरवर जेट मारून मागची घाण निघत नाही. धुताना पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) नीट झाकायला लावा. कॉइलवर अ‍ॅसिड नको, पातळ अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. ‘गॅस कमी झालाय’ म्हणाला तर आधी गळती दाखवायला सांगा. गॅस वापरून संपत नसतो. जाळ्या दर 15 दिवसांनी घरीच नळाखाली धुवा, सावलीत वाळवा.