तिसऱ्या मजल्यावरचे आम्ही दोघं

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ज्या मंगळवारी आमच्या विभागाच्या इमारतीत धूर झाला, त्या संध्याकाळी मुख्य दारावर कोण होतं हे तुम्हाला आठवत असेलच. मी तिसऱ्या मजल्यावरची, व्हीलचेअरवाली. त्या दिवशी खाली आल्यावर माझे दात वाजत होते, तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत. उद्या भेटून बोलू म्हटलं, मग परवा म्हटलं. महिन्याभरात सुरक्षेचं कंत्राट बदललं, दारावर नवी माणसं आली आणि तुम्ही कुठे गेलात ते कुणाला सांगता येईना. म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितेय. तुमच्या ओळखीच्या कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवावं, एवढीच आशा.

घंटा वाजली तेव्हा सव्वासात झाले होते. नेहमीसारखी चुकून वाजली असेल असं वाटलं, पण मग जळक्या वायरीचा वास आला. मी जिन्यापाशी पोचेपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर जाऊन बंद पडली होती. ती बंद व्हायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आगीत वीज जाऊ शकते, लिफ्टच्या पोकळीत धूर भरतो, नेमकं आगीच्याच मजल्यावर दार उघडू शकतं. पण लिफ्ट बंद झाली की बाकीच्यांना जिना उरतो आणि मला तो जिना नुसता बघायला उरतो.

लोक माझ्या शेजारून उतरत होते. एक मुलगी "लिफ्ट बंद आहे गं" असं सांगून गेली. एकजण म्हणाला, "थांबा, कुणाला तरी पाठवतो." पाठवायला गेलाही असेल, त्या गडबडीत कुणाचं काय झालं कोण जाणे. पावलांचे आवाज खाली खाली जात बंद झाले आणि मागे फक्त घंटा वाजत राहिली. मला कमरेखाली संवेदना नाही, पण त्या क्षणी माझे पाय गार पडल्यासारखे वाटले होते. हे मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग कुणीतरी वर चढत असल्याचा आवाज आला.

तुम्हाला धाप लागली होती. कठड्याला धरून तुम्ही वर आलात, मला पाहिलंत आणि पहिल्यांदा एवढंच म्हणालात, "ताई, मंगळवारी तुम्ही उशिरापर्यंत असता, मला माहीत होतं." काका, या विद्यापीठात माझ्या अपंगत्वाची नोंद किमान चार ठिकाणी आहे. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र दिलंय, वसतिगृहात दिलंय, परीक्षा विभागात दिलंय, विभागाच्या कार्यालयात त्याची प्रत आहे. मंगळवारी सव्वासातला मी कुठे असते, हे मात्र एकट्या तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही माझ्या मागचं दार लावून घेतलंत, धूर आत येऊ नये म्हणून. मग माझ्यासमोरच्या पायरीवर बसलात, तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर येईल असे. तेवढ्यात तुमच्या वॉकीटॉकीवर खालून विचारणा झाली, इमारत रिकामी झाली का, वर कुणी राहिलंय का. तुम्ही बटण दाबून म्हणालात, "तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं आहोत. आम्ही खाली येईपर्यंत रिकामी झाली म्हणू नका."

आम्ही दोघं.

इतके दिवस झाले, मी त्या दोन शब्दांपाशीच अडकले आहे. "वर एक व्हीलचेअर अडकलीय" असंही तुम्हाला म्हणता आलं असतं. कुणीही तसंच म्हटलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. तुम्हाला पाय होते, जिना मोकळा होता, तुमच्या घरीही कुणीतरी वाट बघत असणार. मला उचलायला चार माणसं लागणार आणि तुमच्या एकट्याच्याने ते होणार नाही, हे तुम्हाला कळत होतं. तरी तुम्ही स्वतःला खालच्या लोकांत मोजलं नाहीत, माझ्यासोबत मोजलंत. आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "आपण थांबू." वायरलेसवर आम्ही, माझ्याशी आपण. मराठी माणसाला या दोन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. अग्निशामक दलाचे लोक आले, तळमजल्यावरचं विजेचं पॅनेल जळालं होतं, धुराच्या मानाने आग थोडी होती. ते खुर्चीला हात घालणार तेवढ्यात तुम्ही त्यांना थांबवलंत. "आधी त्यांना विचारा, कुठे धरायचं." मला सांगता आलं की हाताच्या दांड्या निघून येतात, पाय ठेवायची पट्टीही निघते, धरायचं ते मूळ सांगाड्याला, आणि उशी खालून सरकू देऊ नका, कारण कातडीला जखम झाली तरी मला कळणार नाही. माझ्या आयुष्यात मला कितीतरी लोकांनी न विचारता उचललंय. प्रेमाने, घाईने, कधी फोटो काढण्यासाठी. माझ्या शरीराबद्दलची माहिती माझ्याकडे असेल, हे क्वचितच कुणाच्या मनात आलं.

आता जे लिहिणार आहे ते तुमच्यासाठी नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच इमारतीत आगीच्या वेळची रंगीत तालीम झाली होती. आदल्या दिवशी मला एका अधिकाऱ्यांचा फोन आला, "उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल, तुमची गैरसोय नको." मी गेले नाही. अहवालात लिहिलं गेलं की इमारत पूर्ण रिकामी झाली. अर्थातच झाली, जिला बाहेर काढायची तयारी नव्हती तिला आतच येऊ दिलं नव्हतं. जिन्यावरून माणसाला बसवून खाली नेण्याची एक खास खुर्ची असते. ती विद्यापीठाने घेतली होती, तिचं उद्‌घाटनही झालं होतं. धुराच्या संध्याकाळी ती तळमजल्यावरच्या कोठीत कुलपात होती आणि किल्लीवाले साडेपाचला घरी गेले होते. जिन्याजवळ मदत येईपर्यंत थांबण्यासाठी राखलेली जागा आहे, भिंतीवर तशी पाटीही आहे. पाटीखाली जुनी कपाटं ठेवलेली होती.

मी अर्ज केले होते काका. रॅम्पसाठी केला. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी, हा साधा हिशेब. म्हणजे आमच्या दारातल्या तीन पायऱ्यांची दीड फूट उंची धरली तर अठरा फूट हवेत. बांधला सहा फुटांचा. तो चढताना खुर्ची मागे कलते, म्हणून तिथे मी कधीच एकटी जात नाही. माझ्या एका कर्णबधिर मित्राने अर्ज केला की घंटेबरोबर लुकलुकणारा दिवाही लावा. त्याला उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. त्या संध्याकाळी लोक पळताना दिसले म्हणून त्याला कळलं. तो स्वच्छतागृहात एकटा असता तर? संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 सालचा आहे. त्याच्या नवव्या कलमात इमारती आहेत, शाळा आहेत, आणीबाणीच्या सेवाही आहेत. हे मी एका बैठकीत वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आमच्या आवारात अंध विद्यार्थ्यांसाठी उंचवट्यांच्या फरशा बसवल्या आहेत. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. ग्रंथालयासमोर त्यातली पट्ट्यांची ओळ सरळ एका खांबाला जाऊन भिडते. माझी मैत्रीण पहिल्याच आठवड्यात त्यावर आपटली. ही फरशी जपानमधल्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळ, ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली. त्यांच्या एका मित्राची नजर जात चालली होती, म्हणून ते या कामाला लागले असं सांगतात. आज जगभरच्या स्थानकांवर ती फरशी आहे. एका मित्राचं पाऊल डोळ्यांसमोर ठेवून केलेली वस्तू आमच्याकडे नुसतं मोजमाप पूर्ण करायला बसवली गेली. बसवणाऱ्याने एकदा डोळे मिटून चालून पाहिलं असतं तरी खांब लागला असता.

मला चांगुलपणाबद्दल बोलायला संकोच वाटायचा. वाटायचं, मला कुणाचा चांगुलपणा नको, माझा हक्क हवा. तो अजूनही हवा आहे. तुमच्यासारखा माणूस दारावर असेल की नाही यावर माझा जीव अवलंबून असता कामा नये, आणि हे तुम्हालाही पटेल असं मला वाटतं. पण नियम सगळे पाळले गेले, दिवा लागला, कुलूप निघालं, तरी धुरात कुणालातरी जिना चढून वर यावं लागणारच आहे. त्या माणसाने वर येऊन काय म्हणायचं हे कुठल्या नियमात लिहिणार? लोकांच्या येण्याजाण्याकडे लक्ष असणं, विचारून हात लावणं, समोरच्याच्या उंचीला येऊन बसणं, हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. निदान आमच्या विद्यापीठाने तरी नाही.

आईने त्या रात्री फोनवर विचारलं, "तू एकटी होतीस का गं वर?" मी म्हटलं, "नाही, आम्ही दोघं होतो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग.

तर आईचा नमस्कार. माझाही.

कोठीचं कुलूप आता काढलंय, खुर्ची जिन्याशेजारी भिंतीवर लावली आहे. कपाटं हलवली. दिवा अजून लागलेला नाही, त्याच्या मागे मी आणि माझा मित्र लागलो आहोत. नव्या रक्षकांना मी स्वतः जाऊन माझं वेळापत्रक दिलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण तुम्ही ते न विचारता लक्षात ठेवलं होतंत.

तुम्ही आता कुठल्या दारावर असता, कुणाकडून तरी कळवा. मंगळवारी मी अजूनही आठपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच असते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई