सोन्या, त्या गाण्याबद्दल थोडं

सोन्या,

तुझा मेसेज मिळाला. नुसतं "पोचलो" एवढंच, पण मिळाला. मंगळवारी तू सिंहगडने गेलास तेव्हा मी स्टेशनवर आले नाही त्याचं फार वाईट वाटतंय रे, बाबा म्हणाले तू डब्यात चढताना दोनदा मागे वळून बघितलंस. मी घरीच होते, तुझ्याच चादरी धुवायला काढल्या होत्या, राग होता दुसरं काय. फोन केला की आपलं परत तेच सुरू होणार म्हणून लिहितेय. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका टाइप करते, आज जेवणाच्या सुट्टीत तुला टाइप करतेय.

आधीच सांगते, बाटलीबद्दल मी काही विचारणार नाहीये. तू म्हणालास खोकल्याची आहे, झालं मग.

त्या रात्री तुझ्या नव्या गाण्यावरून भांडलो तेव्हा माझं बोलणं चुकलंच. "तुमच्या हिप हॉपमध्ये आता काही अर्थ राहिलेला नाही" असं मी म्हणाले आणि तू म्हणालास "आई, अर्थ नसतो, व्हाइब असते, तुला नाही कळणार." ते "नाही कळणार" मला लागलं, कारण जे काय कळतं ते तूच शिकवलंयस मला. अकरावीत होतास, मी पोळ्या लाटत होते, तू ओट्याला टेकून सांगत होतास की न्यूयॉर्कला ब्रॉन्क्समध्ये 11 ऑगस्ट 1973 ला एका पोरीने शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे म्हणून बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, मुलींना 25 सेंट तिकीट, मुलांना 50, आणि रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ, कूल हर्क. गाण्यात ज्या जागी शब्द थांबतात आणि नुसता ताल उरतो तिथे लोकं जास्त नाचतात हे त्याने बघून ठेवलं होतं, म्हणून एकच रेकॉर्ड दोन दोन मशीनवर लावून तो तेवढीच जागा लांबवत राहिला. मी म्हणाले अरे हे तर आपला ढोलकीवाला करतो, समोरची रंगात आली की ठेका सोडतच नाही. केवढा खूश झाला होतास तू, पोळी तशीच हातात धरून आबांच्या खोलीत सांगायला पळालास.

तेव्हापासून मला त्या बहिणीचंच कौतुक वाटतं. तिचं नाव सिंडी ना?

तू गेल्यापासून मी रात्री फोनवर ऐकत बसते. बाबा झोपले की हेडफोन लावते, तुझाच जुना, एका कानाचा. आणि तुझं एक म्हणणं मला पटलं. आधी सगळं अर्थाचं होतं आणि आता सगळं बिघडलं, असं काही नाहीये. पहिलं तर नाचच होता सगळा. 1979 चं ते पहिलं गाजलेलं लांबलचक गाणं, रॅपर्स डिलाइट, त्यात मित्राच्या घरचं जेवण कसं वाईट होतं तेच सांगितलंय. वस्तीतल्या फुटक्या काचा, उंदीर, झुरळं हे सगळं 1982 मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशच्या पोरांनी आणलं. आणि आजही बोलणारे बोलतातच की, रॅपर केंड्रिक लमारला 2018 साली पुलित्झर पुरस्कार मिळाला, इकडे मुंबईच्या स्वदेशी ग्रुपची पोरं वारली आदिवासींना सोबत घेऊन आरेच्या जंगलावर गायली. आपल्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनच्या शिव्या मला ऐकवत नाहीत, पण तो त्याच्या वस्तीचं बोलतो, घरचं बोलतो, ते कळतं मला. तेव्हा माझा हिप हॉपवर राग नाहीये. मी उगाच सगळ्या जगाला नावं ठेवली, मला एकट्या तुझ्याशी बोलायचं होतं.

तुझ्या नव्या गाण्यात गाडी आहे, पिस्तूल आहे, मुली आहेत. ते मी सोडून देते. फुशारकी कोण मारत नाही, कलगीवाले तुरेवाले रात्र रात्र एकमेकांची लाज काढायचे, आपले शाहीर आबा तर त्यात पटाईत. पण मधे ते येतं, कप, जांभळा रंग, डोळे जड, श्वास हळू. ते तू चार वेळा म्हणतोस. मी मोजलंय.

सोन्या, ते तुझं नाहीये रे. कपातलं ते जांभळं खोकल्याचं औषध अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं आहे. तिथल्या डीजे स्क्रूने गाणी हळू केली, ती त्या खोकल्याच्या औषधाच्या नशेत ऐकायची म्हणून लोकांनी डोक्यावर घेतली, आणि 2000 साली तो स्वतः गेला, अंगात त्या औषधातलं कोडीन सापडलं, वय 29. मग 2007 ला रॅपर पिंप सी, 33 चा. आणि तुझ्या खोलीत ज्याचं पोस्टर आहे तो ज्यूस वर्ल्ड, 8 डिसेंबर 2019, त्याला 21 पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते. सहा. तुला आत्ताच 21 झालं. मी काल रात्री हे वाचलं आणि उठून तुझ्या खोलीत गेले, ते पोस्टर काढणार होते, मग नाही काढलं, तुझं आहे.

हे बघ, विचारणार नाही म्हणाले आणि आलेच तिथे.

राहुलमामाच्या दुकानात मी सहज विचारलं, तुझं नाव नाही घेतलं. तो म्हणाला ताई, कोडीनवालं औषध चिठ्ठीशिवाय आम्ही देतच नाही, आणि ते जास्त गेलं की झोपेतच श्वास मंदावतो, शेजारी झोपलेल्याला वाटतं घोरतोय. बाटलीवरचं लेबल का खरवडलं होतं? खोकल्याच्या बाटलीचं लेबल कुणी खरवडतं का? आणि तू खोकत नव्हतास. एकवीस वर्षं तुझा खोकला ऐकलाय मी, भिंतीपलीकडून ऐकलाय, तो मला कळतो.

पिंट्याचं झालं तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. आबांनी त्यानंतर वर्षभर डफाला हात लावला नाही एवढंच सांगते. जाऊ दे.

आबांची ती कोयनेची गोष्ट मी तुला सांगितलीय का? सांगितली असेल, परत सांगते. पानशेत फुटलं, 12 जुलै 1961, तेव्हा ते 17 चे होते, नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं, त्यावर त्यांनी पहिला पोवाडा केला. त्यात धरण कमी आणि घरं जास्त होती, कुणाचं शिलाई मशीन गेलं, कुणाच्या पिठाच्या डब्यात गाळ भरला, आत्याच्या लग्नाची पेटी कुठल्या झाडाला अडकलेली सापडली. तो ऐकून 1967 ला कोयनेच्या भूकंपानंतर पुण्यात मदतीचा कार्यक्रम होता तिथे त्यांना बोलावलं, आठ दिवसांत भूकंपावर पोवाडा करा म्हणाले. आबा म्हणाले मी बघितलं नाही, मी काय गाऊ? आयोजक म्हणाले पेपरात सगळं आलंय की. आबांनी ऐकलं नाही, उसने पैसे घेऊन एसटीने पाटणला गेले, तिथून पुढे कोयनानगरला, तीन दिवस लोकांबरोबर उघड्यावर झोपले डिसेंबरच्या थंडीत, तापच घेऊन आले. कार्यक्रम त्यांच्याविना झाला. पोवाडा पुढे दोन महिन्यांनी झाला, पण आजी सांगायची की पाटणची माणसं तो ऐकायला पुण्याला आली होती.

मला भीती कसली वाटते सांगू? आबा जे बघितलं तेच गायचे. तू आधी गायलास, आणि आता गाणं खोटं पडू नये म्हणून तसं जगायला लागशील. गाडी काय तुला मिळणार नाही, पिस्तूल तू हातात धरणार नाहीस, तेवढा माझा पोरगा मला माहितीये. पण बाटली शंभर-दोनशे रुपयांत मिळते. त्या गाण्यातली तेवढी एकच गोष्ट खरी करायला सोपी आहे.

परत लेक्चर झालं. सॉरी. तुला लेक्चर दिलं की तू डाव्या हाताने कानामागे खाजवतोस, आत्ता तेच करत असशील.

तू हे करू शकत नाहीस असं मला कधीच वाटलं नाही, हे मात्र लक्षात ठेव. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र, आंबील ओढ्याला पूर आला तेव्हाची. नववीत होतास. दांडेकर पुलापाशी अंधारात बॅटऱ्या फिरत होत्या, बाबा लोकांना वर काढत होते आणि आपण आबांना खुर्चीसकट वर नेलं. चार दिवसांनी तू वहीतून वाचून दाखवलंस, बीट नाही काही नाही, टेबलावर बोटं वाजवत. त्यात शेजारच्या काकूंचा फ्रीज दारातून आडवा तरंगत बाहेर गेला ते होतं, शाळेच्या दप्तरातला चिखल होता, आणि आबा खुर्चीतून म्हणत होते "पानशेतपेक्षा कमी आहे" ते होतं. आबांनी डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाले परत म्हण, आणि दुसऱ्यांदा खाटेच्या लाकडावर ठेका धरला. तुझा आवाज तेव्हा फुटत होता, वयच ते. शेवटच्या कडव्याला चिरकला आणि त्याच जागी माझ्या डोळ्यात पाणी आलं.

आता आवाज सरळ करणाऱ्या ऑटोट्यूनमध्ये ती जागाच जाते. ते 1997 चं सॉफ्टवेअर ज्याने केलं तो माणूस आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालून येणाऱ्या लाटांचं गणित करायचा, हे पण तूच सांगितलं होतंस. मला ते वाईट आहे असं म्हणायचं नाही. फक्त एक गाणं तरी त्याच्याशिवाय कर. ॲपवर पहिले तीस सेकंद कुणी ऐकलं नाही तर पैसे मिळत नाहीत, हुक, म्हणजे ती पकडणारी ओळ, आधी लागते, सगळं मान्य. आंबील ओढ्याच्या गाण्यात फ्रीज तिसऱ्याच ओळीला होता.

रविवारी माळ्यावरून आबांचा डफ काढला. कातडं पार सैल पडलंय, गॅसपासून लांब धरून तापवला तसा जरा बोलायला लागला. मला काही येत नाही, पण आबांचा कोयनेचा ठेका मला हाताने आठवतो, लहानपणी मागे बसून झांज वाजवायचे ना मी. फोनवर रेकॉर्ड केलाय, दीड मिनिट आहे, मधे कुकरची शिट्टी आलीये ती तू काढू शकतोस. या पत्राबरोबरच पाठवतेय. वापर किंवा नको वापरू, पण ऐक.

शनिवारी नंदाताईचा दिनू मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि तुझा निळा स्वेटर देतेय. खोकला खरंच असेल तर आलं-गुळाच्या वड्या पण करते, तसं आजच कळव म्हणजे गूळ आणायला हवा. आणि खोकला नसेल तर तेही कळव. मी ओरडणार नाही, बाबांना सांगणार नाही, रडणार पण नाही फोनवर. पहिल्या गाडीने येईन आणि तिथल्या तुझ्या खोलीतल्या त्या चारही पोरांना जेवायला घालीन.

सुट्टी संपली, साहेब बघतायत.

आई