दोन सेकंदांबद्दल, इतवारीतल्या काकांना

नमस्कार काका,

नाव लिहू नको अशी तुमची ताकीद होती, "गिऱ्हाईक वाढलं त करन कोन", म्हणून नाव नाही लिहीत. तुमच्याकडे बटणांचा मोबाईल आहे, तेव्हा हे तुमची नातच वाचून दाखवणार. तिला म्हणावं सावकाश वाच, मला लांबण लावायची सवय आहे.

परवा रात्री ताईने शेवटची टेप एडिटिंगला घेतली आणि बाबा जेवणावरून उठून स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले, हात खरकटा, आई मागून ओरडतेय अहो हात तरी धुवा, पण ते हललेच नाहीत. भिमालगोंदीचा चढ होता. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, आधी बाकीच्या वाचणाऱ्यांना जरा कळू दे की आम्ही कोण आणि टेपांचं एवढं काय.

आमची कंपनी म्हणजे आईबाबा, ताई, मी, आणि पार्सलं पॅक करणारी माझी बायको. बाबांचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, पण लग्नसराई संपली की कॅमेरा खांद्यावर टाकून रेल्वेगाड्यांच्या मागे. २००३ साली त्यांनी मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या टेपवर चालणारा, कॅमेरा घेतला तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. गाड्यांचं ते चित्रण आम्ही विकतो, आधी सीडी, मग डीव्हीडी, आता पेनड्राइव्ह आणि ऑनलाइन. घेणारे कोण, तर रिटायर झालेले ड्रायव्हर, गार्ड, दूरदेशी गेलेली गोंदिया-बालाघाटकडची पोरं, आणि इंजिनाचा नंबर बघून त्याची शेड, म्हणजे देखभालीचं ठिकाण, सांगणारी शाळकरी रेलफॅन मंडळी. या शेवटच्या लोकांना फसवता येत नाही. अजनी शेडच्या इंजिनावर दुसऱ्या गाडीचा हॉर्न चिकटवला तर दहा मिनिटांत फोन येतो.

लोकांना वाटतं रुळाकडेला उभं राहून रेकॉर्ड दाबायचं, झालं. अहो, तिगाव-चिचोंडाच्या घाटात मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात, तो एक शॉट चांगला मिळावा म्हणून आम्ही तीन हिवाळे गेलोय. आमच्याकडे बाबांचे दोन नियम. एक, इंजिनाच्या आवाजाखाली गाणं टाकायचं नाही. दुसरा, इंजिन दिसल्यापासून गार्डचा डबा जाईपर्यंत कट मारायचा नाही, मग मध्ये बकरी येवो की ढग येवो. आवाजाचं काम आईकडे, कारण बाबांना ऐन वेळी खोकला येतो. ती रेकॉर्डर आणि छत्री घेऊन दूर दगडावर बसते, माइकला केसाळ टोपी घातलेली, तिला ती मांजर म्हणते. कागदपत्रं माझ्याकडे, आणि नागपुरात ते काम डबल, कारण इथे मध्य रेल्वेचं विभागीय, म्हणजे डीआरएम, ऑफिस वेगळं आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं वेगळं, नागपूर स्टेशन यांचं तर इतवारी त्यांचं, एकाच दिवशी दोन्हीकडे शूटिंग असलं की दोन अर्ज आणि दोन बाबूंच्या लंच टाइमचा हिशेब.

आणि या सगळ्यात आमची खरी पुंजी कुठली, तर नॅरोगेज. अडीच फुटी रुळावरची ती गाडी, इतवारीहून सावनेर, सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी करत छिंदवाड्याला जाणारी आणि दुसरी उमरेड-भिवापूर करत नागभीडला. छिंदवाड्याची २०१५ च्या डिसेंबरपासून बंद, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. छिंदवाड्याला आता ब्रॉडगेज धावते, चांगलंच झालं, लोकांचा वेळ वाचतो, मी काही त्या काळासाठी गळा काढणारा नाही. पण पुन्हा जाऊन शूट करू म्हटलं तर कशाचं करणार? नागपुरातल्या मोतीबागच्या रेल्वे म्युझियममध्ये इंजिनं बघायला मिळतात, पण चढावर धापा टाकतानाचा आवाज तिथे कुठून आणायचा. तो आमच्या कपाटात होता, ६३ टेपांमध्ये, आणि कपाट तळमजल्यावर.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी घरात आली. आम्ही आईला आणि सिलेंडरला वर नेलं, गाडी गेली, फ्रिज गेला, आणि खालचे दोन कप्पे गेले. कॉम्प्युटरवर का उतरवल्या नव्हत्या हे तुम्ही एकदाही विचारलं नाही काका, बाकी प्रत्येकाने विचारलं. आमचीच चूक, करू करू म्हणत राहिलो, टेप उतरवायला फायरवायरची केबल लागते आणि नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नसतं, एक जुना डबा होता तो चालू करायला कोणाला वेळ नव्हता. पाणी उतरल्यावर बाबांनी टेपा पापडासारख्या गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. ती त्याहून मोठी चूक.

मग दारोदार फिरणं. एका दुकानात पोरगा म्हणाला यात डेटा कुठे असतो अंकल, हार्ड डिस्क आणा. दुसऱ्याने तांदळात ठेवा म्हणून सांगितलं. एका संस्थेने, जिथे म्हणे जुनं चित्रण जपतात, मेल करा म्हटलं, केला, पुन्हा केला, अजून उत्तर येतंय. आणि मग मोठ्या शहरातली ती काचेच्या दाराची कंपनी. नाव घेत नाही. ११ टेपा नमुना म्हणून घेतल्या, १८ हजार ॲडव्हान्स, चार महिने "प्रोसेसमध्ये आहे सर", आणि कुरियरने ९ परत आल्या, प्रत्येकीवर अनरिकव्हरेबल असं स्टिकर. उरलेल्या दोन कुठे विचारलं तर रेकॉर्डला नऊच दिसतात म्हणे. पावतीवर अकरा लिहिलंय तुमच्याच हाताने, तरी रेकॉर्डला नऊच. बाबा माझ्या शेजारी बसून स्पीकरवर ऐकत होते, काही बोलले नाहीत, नंतर महिनाभर त्यांनी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज केल्या नाहीत एवढंच.

तुमच्याकडे आम्ही कसे आलो तर मिक्सर दुरुस्तीमुळे. मिक्सरवाल्या दादाने आईचं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्या बोळात एक म्हातारा आहे, व्हीसीआरच्या जमान्यातला, विचारून बघा. तुमचं दुकान म्हणजे एका वेळी दीड माणूस मावेल एवढं. तुम्ही आधी स्टूल पुढे सरकवला, "बसा जी", मग एक टेप उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "उन्हात कोनं ठेवल्या?" बाबा म्हणाले, मी. मला वाटलं आता ऐकवणार. तुम्ही म्हणालात, "मी बी हेच केलो असतो. घाई असन त घेऊन जा, नसन त ठेवा."

पुढचं तुम्ही काय काय केलं त्यातलं अर्धं मला कळलं नाही आणि जे कळलं ते सगळं इथे लिहीत बसत नाही. केस उघडून रीळ काढणं, बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यात ते धुणं, नव्या केसात बसवणं, चपलांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात ठेवणं. एक मात्र लिहायलाच हवं. मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, तुम्ही कूलर बंद ठेवून काम केलंत. मी घामाने थबथबून विचारलं काका, लावा ना थोडा, तर म्हणालात कूलरची ओल टेपेला चालत नाही, मी पहाटेच उरकतो. लोक एसीत बसून अनरिकव्हरेबलचे स्टिकर मारतात.

हरवलेल्या दोन सोडून उरलेल्या ६१ मधल्या ४७ पूर्ण निघाल्या, ८ अर्ध्यामुर्ध्या, ६ गेल्या. त्या काचेच्या दारवाल्यांनी हात टेकलेल्या नऊपैकी सात चालल्या हेही सांगून टाकतो, कोणाला वाचून लागायचं तर लागू दे. गेलेल्या सहांचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते तर झालंच.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते आहे भिमालगोंदीच्या टेपेसाठी.

त्या टेपेत एका जागी चुणी पडली होती, वाळताना चिकटून. तुम्ही फोन करून बोलावलंत, खरं तर फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मला भिंग दिलंत. टेपेची रुंदी सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, चुरगळलेला भाग चार बोटांपेक्षा कमी. तुम्ही समजावलंत की टेप वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे मारतो, चुणी त्यावरून गेली तर हेडही जाईल आणि पुढची टेपही, तेव्हा एवढं कापावं लागेल, आणि जोडून चालवायची नाही, जोड हेडला घासतो, म्हणून दोन तुकडे दोन वेगळ्या केसात घालीन. कापू का? मी म्हटलं कापा काका, विचारताय काय. तुम्ही म्हणालात, "तुमाले नाही, तुमच्या बाबाले विचारतो." आणि बाबांना आणायला मला परत पाठवलंत. उन्हातून. भर दुपारी.

बाबा आले, भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, मान हलवली. तुम्ही कापलंत.

आठ दिवसांनी टेपा घ्यायला आलो तर त्या दोन केसांना रबर लावलेलं आणि मध्ये एक छोटी प्लास्टिकची पुडी, आपण बटणं ठेवतो तसली. आत चार सेंटीमीटरचा तो काळा तुकडा, आणि वहीच्या कागदाची चिठ्ठी, तुमचं ते गिचमिड अक्षर: "सेकंदाला १९ मिमी. म्हणजे दोन सेकंद गेले. माफ करावे."

काका, ज्यांनी आमच्या दोन टेपा हरवल्या, म्हणजे दोन तास, त्यांच्याकडून आम्हाला सॉरी नाही मिळालं, उलट आमचीच मोजणी चुकली असं ऐकून घ्यावं लागलं. आणि तुम्ही दोन सेकंदांची माफी मागितलीत, तीही मोजून. बाबांनी चिठ्ठी वाचली, पुडीसकट खिशात ठेवली, आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून एवढंच बोलले, "या माणसाला गार्ड करायला पाहिजे होतं." आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही. गार्ड म्हणजे गाडी सगळी पार गेली का ते शेवटी उभं राहून बघणारा.

मला हल्ली वाटतं की काम येणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याची वस्तू हातात आहे हे ज्याला कामभर आठवतं असा एखादाच. बँकेत, हॉस्पिटलात, टेलरकडे, कुठेही. आमच्याकडे पूर्वी लग्नाच्या कॅसेटी धूळ खात पडायच्या, लोक न्यायला यायचे नाहीत, मी एकदा त्यातल्या चार-पाच भंगारात दिल्या होत्या. कोणाच्या होत्या आठवत नाही. तुमची चिठ्ठी वाचल्यापासून ते अधूनमधून आठवतं, बरं वाटत नाही.

असो. परवाचं सांगत होतो. शॉट असा आहे: सकाळचं धुकं, आधी नुसता आवाज, मग वळणावरून डिझेल इंजिन, सायकलच्या वेगाने चढतंय, मागे सात डबे, दारात पाय सोडून बसलेली माणसं, एकाच्या मांडीवर कोंबडी. चौथ्या डब्याच्या वेळी आईचा आवाज येतो, "झालं का हो?" वीस वर्षं बाबा म्हणत आलेत की हिने माझा सगळ्यात चांगला शॉट बिघडवला. आणि बरोबर तिथे, "झालं का" नंतर, तुमचे ते दोन सेकंद. मग पुन्हा चित्र येतं आणि पाचवा डबा अर्धा पुढे गेलेला.

ताई म्हणाली मी जोडून टाकते, एका चित्रातून दुसरं अलगद वर आणलं की कोणाला कळणार पण नाही, हल्ली तर मधलं चित्र बनवून पण देतात. बाबा नाही म्हणाले. दोन सेकंद काळं ठेव म्हणाले, आवाजही बंद. आता कट न मारण्याचा नियम कुठे गेला म्हणून शाळकरी मंडळी फोन करतील, पाचवा डबा कुठे गेला विचारतील, तर विचारू दे, मी सांगीन असं बाबांचं म्हणणं. आई म्हणते माझा "हो" खाल्ला त्या माणसाने, पण ती हसत होती. शॉटच्या शेवटी आता पहिल्यांदाच तिचं नावही येणार आहे, ध्वनी म्हणून.

पुडी देवघरात आहे. आईने ठेवली, मला विचारू नका.

पेनड्राइव्ह घेऊन शनिवारी येतो. तुमच्याकडे टीव्हीला लावायची सोय आहे का ते नातीला विचारून ठेवा, नसेल तर आमचा लॅपटॉप आणतो. बाबाही येणार म्हणतायत, आणि आईने सांबारवड्या करायच्या ठरवल्यात, तेव्हा त्या दिवशी सकाळी जड काही खाऊ नका.

आणि शनिवारी तरी कूलर लावा.

तुमचा,
टेपवाल्यांचा पोरगा