दुकानातल्या कॉम्प्युटरबद्दल, संजूला

टोरांटो

प्रिय संजू,
अनेक आशीर्वाद.

सक्करदऱ्याच्या दुकानात आणखी दोन कॉम्प्युटर घेतले, असं रेखा म्हणाली. फार बरं वाटलं. निकाल लागले की सीईटी, महाडीबीटी, विद्यापीठाचे फॉर्म, सगळ्यांसाठी (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे) पोरांची गर्दी होईल. त्याआधी एक काम तू स्वतः कर.

"लॉगआउट करायला विसरू नका" अशी पाटी लावून भागत नाही रे. फॉर्मची शेवटची तारीख, मागे रांग, त्यात साइट अडकलेली. अशा वेळी कोणाला लॉगआउट सुचणार? आधीच्या माणसाचं सगळं कॉम्प्युटरनंच विसरायला हवं. इथल्या वाचनालयात माणसाचं सेशन संपलं की मशीन आपोआप सगळं पुसून टाकतं.

तुझ्याकडे क्रोम आहे. त्यात तुझं किंवा कोणाचंही खातं चालू असेल तर आधी ते काढून टाक. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबून, 'ऑल टाइम' निवडून जुनं सगळं साफ कर, साठवलेले पासवर्डसुद्धा. त्यानंतर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक कर आणि प्रॉपर्टीज उघड. 'टार्गेट'च्या ओळीत अवतरणचिन्ह असेल तर त्याच्या बाहेर, अगदी शेवटी, एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना लागूनच इंग्रजीत 'गेस्ट' लिही, म्हणजे --guest. आता त्या शॉर्टकटवरून क्रोम पाहुण्यासारखाच उघडेल. पासवर्ड साठवू का, असं विचारणार नाही, आणि सगळ्या खिडक्या बंद झाल्या की हिस्ट्री, कुकीज जातील. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडून तसंच निघून जाणारे कितीतरी असतात, त्यांचंही खातं उघडं राहणार नाही. फक्त प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की खिडक्या खरंच बंद झाल्यात ना, हे दुकानातल्या पोराला बघायला लाव.

डाउनलोड्सचं फोल्डर मात्र गेस्टमध्येही तसंच राहतं, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. एखाद्या पोरीचं ई-आधार आणि टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) तिथं शेजारी पडलेले असतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. दोन्ही टीसीवर छापलेलं. मग त्या कुलुपाला काय अर्थ? विंडोजमध्ये जुन्या फायली आपोआप पुसणारी 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय आहे, तिच्यात न उघडलेल्या डाउनलोड्ससाठी 1 दिवसाची मुदत ठेवता येते, तेवढी ठेव. पण तो दिवसही जास्तच. प्रिंट निघाली की शिफ्ट धरून डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरणार नाही. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधारच काढायला सांग, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

गिऱ्हाइकांसाठी विंडोजचं साधं खातं वेगळं कर, ॲडमिनिस्ट्रेटरचं देऊ नको. कोणी टाइप केलेलं चोरणारं सॉफ्टवेअर टाकून गेलं तर गेस्ट मोड काही करू शकत नाही. म्हणूनच बँकेचे व्यवहार तुझ्या दुकानात कोणाला करू देऊ नको. ते त्यांच्या मोबाइलवर करू दे. तरी कोणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून दे.

नव्या मशीनवर विंडोज 10 असेल तर विकणाऱ्याकडून 11 टाकून घे. 10 चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला.

रविवारी तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हा व्हिडिओ कॉल कर, चारही मशीन एकेक करून दाखव. आईला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी
ताई